मुळासकट तेरडा

मागच्या साली आमच्या क्वार्टरमागं कोहळ्याचा वेल कुडावर चढला, भरभरून फुलला, पण एक फळ धरेल तर शपथ. बोराएवढी कोवळी कोहळी पिवळी पडून गळायची. दूध घालणाऱ्या शेवंताबाईनं एकदा वेल न्याहाळला.

"बाई, माशीच नाही येऊन राह्यली तुमच्या इथं. बांधावरचा तेरडा लावा. त्याच्या मागं येते ते."

यंदा मिरगात तिनंच किरनापूरच्या आपल्या बांधावरचं चिमूटभर बी पुडीत आणून दिलं.

सरिता पाळण्यात निजली की मी खुरपं घ्यायची. एकवीस रोपं जगली. श्रावणात गुलाबी फुलं आली आणि मधमाश्याही आल्या. वेलावर चार कोहळी धरली. कडेवरची सरिता त्यांच्याकडे बोट करून हसायची.

तेरडा एका पावसाळ्याचाच. शेंगा पिकून तडकल्या तरच पुढल्या सालचं बी. मी ह्यांना म्हटलं, "शेंगा तडकेपर्यंत कोणाले हात लावू देऊ नका."

"हौ, माह्यावर सोड."

भाद्रपदात चार दिवस राजेगावला आईकडे जाऊन आले, तर वाफ्यात नुसते खड्डे.

"साहेबांच्या बाईनं गौरीसाठी मागतला," हे म्हणाले. "मले वाटलं, फुलं तोडून नेतीन. शिपायानं मुळासकट उपटला. आपल्याकडं महालक्ष्म्या मुखवट्याच्या. त्यायची गौर मुळासकट लागते, हे मले काय माहीत?"

मला खरं वाटलं. मला तरी कुठं ठाऊक होतं? ह्यांचीच कीव आली.

संध्याकाळी साहेबांकडे हळदीकुंकवाला गेले. बाई साताऱ्याकडच्या. चौरंगावर माझा तेरडा साडी नेसून उभा होता.

"केवढं मन हो तुमचं," बाई मायेनं म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, पाच रोपं पुरेत. तर तुमचे यजमान म्हणाले, बायकोनंच सांगितलंय, सगळा द्या. स्वतः कुदळीनं खणला, आमच्या नळावर मुळं धुऊन दिली. एवढं कोण करतं?"

ह्यांची बढती साहेबांच्या हाती होती. मी "हौ" म्हटलं आणि कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.

घरी आले तर हे दारातच.

"बाई खूश होत्या काय?"

"होत्या. कुदळीनं तुमच्या हाताले फोड नाही आले न?"

ह्यांनी हात मागं घेतले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या साली लावून घेजो अजून."

"कशाचं बी?"

सकाळी सरिताला कडेवर घेऊन वेलापाशी गेले. नवी फुलं उमलली होती, माशी एकही नव्हती. एक नरफूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि त्यातला पराग एकेका मादीफुलाला हलकेच टेकवत फिरले. हे मागून आले.

"दे, मी करतो."

मी फूल दिलं नाही.