एक चुंबन, बाकी निर्धोक

कोणता सिनेमा मुलांना दाखवावा आणि कोणता नाही, हे पालकांना सांगणं हा कात्रीचा पोटापाण्याचा धंदा होता. साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे कात्रीच म्हणत, आणि तिची जीभ एकदा ऐकलेल्या माणसाला त्या नावाचं नवल वाटत नसे. दर आठवड्याला एक सिनेमा बघायचा आणि लिहायचं: चुंबनं किती, शिव्या किती, रक्त किती. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते वाचावं, तसे पालक ते वाचत आणि निर्धास्त होत.

त्या आठवड्याचा सिनेमा अंतराळातल्या प्रेमाचा होता. दूरच्या ग्रहाकडे निघालेलं यान, त्यावर एक देखणा यंत्रतज्ज्ञ आणि झाडांवर संशोधन करणारी एक मुलगी. तो तिला मागणी घालतो, ती नाही म्हणते. मग ती झोपेत असताना तो एका यंत्राने तिच्या डोक्यातून ती संध्याकाळ पुसून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून पुन्हा विचारतो. पुन्हा नाही, पुन्हा पुसापुशी. शेवटी बिचारी हो म्हणते, खिडकीबाहेर दोन सूर्य मावळतात, व्हायोलिनं रडायला लागतात आणि चुंबन.

साप्ताहिकाने निवडक पालकांसाठी आधीच एक खास खेळ ठेवला होता. दिवे लागले तेव्हा निम्मे पालक डोळे पुसत होते.

"तुम्हाला काही खटकलं का?" कात्रीने एका दंतवैद्याला विचारलं.

"तिची पाठ जरा जास्त उघडी दाखवलीय," दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले. "बाकी एकदम स्वच्छ."

"आणि तो तिची आठवण पुसतो, ते?"

"ते विज्ञान झालं ना! उलट मुलांना गोडी लागेल."

कात्री त्यांच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे बघत राहिली. तोंड इतकं साफ ठेवणाऱ्या माणसाचं डोकं इतकं रिकामं कसं राहतं, हे तिला कळेना.

तिने लिहिलं की, हा सिनेमा मुलांनी बघायला हरकत नाही, पण नकार ऐकून न घेणाऱ्या माणसाला इथे नायक म्हटलंय, हे पालकांना कळत असेल तरच; आणि ते कळणारे पालक मला अजून भेटलेले नाहीत. संपादकाने ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, वाचकांना बोल लावून कसं चालेल? त्यांना फक्त आकडा हवा असतो."

छापून आलं ते एवढंच: एक चुंबन, बाकी निर्धोक. तेरा वर्षांपुढच्या मुलांसह जरूर पाहावा. खाली तिचं नाव.

ते वाचून तिच्या दादाचा फोन आला. दादा म्हणजे सावधपणाचा कळस. मुलगी दहावीत गेली तरी रस्ता ओलांडताना तिचं मनगट धरायचा. "तू लिहिलंयस म्हणजे प्रश्नच नाही," तो म्हणाला. "तूही चल. वहिनीला बरं नाहीये, तिचं तिकीट आहे."

कात्री गेली. तोच भिकार सिनेमा दुसऱ्यांदा बघण्याची शिक्षा तिने भाचीसाठी पत्करली. दादा दोघींच्या मधे बसला. पुसापुशीच्या प्रसंगांना तो हळहळत होता. "बघ, किती जीव आहे त्याचा तिच्यावर!" आणि चुंबनाची वेळ आली तशी त्याने झपकन हात पुढे करून पोरीच्या डोळ्यांवर ठेवला. पंधरा वर्षांची घोडी ती! पॉपकॉर्न तिच्या मांडीवर सांडले. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

बाहेर आल्यावर दादाने तिघांसाठी कॉफी घेतली आणि खुशीत विचारलं, "काय, आवडला का?"

"तिला कसं कळत नाही हो बाबा?" भाची म्हणाली. "आपल्या डोक्यातून काहीतरी गेलंय, हे जाणवत असणार ना?"

"अगं, सिनेमा आहे तो."

"मला जाणवलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "शाळेतली झिपरी मला मेसेज पाठवायची बंद झाली तेव्हा. मला वाटलं, शाळा बदलल्यावर विसरली मला. मी तर घरी रडले पण. मग ती ग्रंथालयात भेटली आणि मलाच म्हणाली, तू उत्तर का देत नाहीस? रोज सकाळी पाठवत होती ती. मग मी दाराच्या फटीतून पाहिलं. मी आंघोळीला गेले की तुम्ही काढून टाकत होता."

दादाचा कप तोंडापाशीच थांबला. "ती मुलगी नापास झालीय," तो म्हणाला. "तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"तोही हेच म्हणतो. यंत्र बंद करताना."

कात्रीला आपल्या भावाची किळस आली. हाच तो, तिच्या सदराचा आदर्श वाचक! पडद्यावरच्या ओठांवर पहारा देणारा आणि घरात लेकीची मैत्रीण पुसून टाकणारा.

"दादा, ती रडत होती तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच होतो," तो पुटपुटला. "समजूत घालत होतो."

भाचीने कॉफी तशीच ठेवली आणि आत्याचा हात धरून रस्ता ओलांडला. दादा मागून आला.

सोमवारी त्याने काय करावं? पोरीची माफी मागावी, एवढी साधी गोष्ट. त्याऐवजी त्याने संपादकाला फोन करून तक्रार केली की, हा सिनेमा मुलांना बिघडवतो, मोठ्यांना उलट उत्तरं द्यायला शिकवतो. संपादकाने लगबगीने पुढच्या अंकात तेराचं सोळा केलं. कारण दिलं: उघडी पाठ.

तो अंक आला त्या दिवशी कात्रीने सदर सोडलं. "माझ्या नावाखाली आता तुमची अक्कल छापायची नाही," असं ती संपादकाच्या टेबलासमोर उभी राहून सगळ्यांच्या देखत म्हणाली. तो तिला निवांत विचार करा म्हणत राहिला.

भाचीने मात्र भांडण केलं नाही की अबोला धरला नाही. तिने फोनचा पासवर्ड बदलला आणि रविवारी झिपरीला घरी बोलावलं. बेल वाजली तेव्हा ती आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, तुम्ही उघडा ना!"

दादाने दार उघडलं. दारात पिंजारलेल्या केसांची, दम लागलेली एक काटकुळी पोर उभी होती.

"काका, मी आत येऊ?"

त्याने बराच वेळ दाराची कडी धरून ठेवली. आतून लेक बघत होती. शेवटी तो बाजूला सरला आणि म्हणाला, "चपला तिकडे काढ. पाणी देऊ का?"