अकरा तोफांची सलामी

२००४ च्या ऑक्टोबरात मधुमतीराजे यांच्या ईलिंगमधील सदनिकेत ते घड्याळ मी प्रथम पाहिले. खिडकीबाहेर धुके होते आणि आत, टेबलावर, चांदीचा एक किल्ला उभा होता. त्याच्या बुरुजांवर सुपारीएवढ्या तोफा होत्या. पूर्वी दुपारी बारा वाजता हातोडी घंटेवर टोले देई आणि प्रत्येक टोल्यासरशी एकेक तोफ मान उचली. मधुमतीराजे यांचे वडील आबासाहेब यांचे संस्थान भारतात विलीन झाले त्या वर्षी ते बंद पडले.

आता ते केंब्रिजच्या एका संग्रहालयाला भेट म्हणून द्यायचे होते. तेथे काम करणारी निवेदिता, इकडेच जन्मलेली मुलगी, मला दुरुस्तीसाठी घेऊन आली होती. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून मी सूक्ष्म यंत्रेच जुळवत आलो आहे.

"आबासाहेबांना अकरा तोफांचा मान होता," मधुमतीराजे म्हणाल्या. "लहानपणी रोज मोजायचे मी."

जिन्यात निवेदिता हळूच म्हणाली, "काका, ब्रिटिश रेकॉर्डमध्ये नाइन गन्स आहे."

घरी यंत्र उघडले. पितळी चक्रावर अकरा खुंट्या होत्या; एका खुंटीमागे एक टोला. नऊ खुंट्या घड्याळ बनवणाऱ्या लंडनच्या कारागिराच्या, अचूक. उरलेल्या दोन अधिक पिवळ्या, हाताने घासून बसवलेल्या.

"मग त्या दोन काढा ना," निवेदिता फोनवर म्हणाली. "ओरिजिनल ठेवायचं, असं आमचं पॉलिसी आहे."

पक्कड हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. भिंगातून पाहता पाहता चक्राचे दाते तटबंदीसारखे दिसू लागले. तटाखालून झुली ल्यालेले हत्ती संथ चालले होते, चोपदार एकामागून एक पदव्या पुकारत होता आणि धुरामागे चेहरा नसलेले कोणी तरी तोफा मोजत होते. भिंग बाजूला केले, तेव्हा चहा गार झाला होता. मालकिणीला विचारल्यावाचून खुंटीला हात लावायचा नाही, असे ठरवले.

पुढच्या शनिवारी दुरुस्त झालेले घड्याळ परत नेले आणि दोघींसमोर मी सारे सांगितले. "कानशीचे ओरखडे उलट्या दिशेचे आहेत, बाईसाहेब. माणूस डावखुरा असावा."

"आबासाहेब डावखुरे होते." त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. "म्हणजे साठ वर्षं मी लोकांना खोटं सांगत आले."

"मोजण्यात तुमची चूक नव्हती."

"एकदा वाजवून दाखवा. मग काय काढायचं ते काढा."

मी किल्ली दिली. त्या काठीच्या आधाराने उभ्या राहिल्या, म्हणून आम्हीही उभे राहिलो. नऊ टोले एका लयीत पडले. निवेदिता खुर्चीत टेकली.

"सलामी संपेपर्यंत बसत नाहीत, बाळ."

ती चटकन उठली. किंचित उशिराने दहावा टोला पडला, मग अकरावा. घंटेचा नाद विरेपर्यंत कोणी हलले नाही.

"संग्रहालयाच्या पाटीवर तोफा नऊच लिही," मधुमतीराजे म्हणाल्या. "जे खरं ते. खुंट्या मात्र राहू देत."

निवेदिताने कागदावरची दोन खुंट्या काढण्याची ओळ खोडली. "राहतील. पण ते कोणी बनवल्या, लिहावं लागेल. फुल नेम सांगा ना."

त्यांनी सांगितले: श्रीमंत, राजाधिराज, समशेरबहादर, नाइट कमांडर... निवेदिता लिहिता लिहिता मागे पडली. तेव्हा त्यांनी तिच्या पेनावर हात ठेवला.

"ते सगळं खोड. नुसतं रणधीर लिही. कानस धरताना त्यांना पदव्या लागल्या नाहीत."