घरचं माणूस

"अक्का, तो कामगार कचेरीचा साहेब आलाय. भायेर चंद्रप्पाला इचारून राहिलाय. तुला काय इचारलं तर घरची हाय म्हण. बास, येवढंच म्हण."

गुरुपादप्पा चुलीपाशी वाकून, आवाज दाबून बोलत होते. एरवी खानावळीच्या गल्ल्यावरून हाक मारली की लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारापर्यंत ऐकू जाणारा माणूस. नागम्माने तव्यावरच्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला आणि मान वर केली.

"आन माझं उदगीरचं?"

"जा की! आयतवारी जा. मी सोता यष्टीत बसवून देतो. पर आत्ता लाज राख, अक्का."

नागम्माची एकुलती एक लेक, महानंदा, उदगीरला दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं अशी रीत. पण माहेर म्हणायला नागम्माकडे होतं काय? खानावळीच्या मागची कोठी. ज्वारीच्या पोत्यांशेजारी एक वाकळ आणि खुंटीवर दोन लुगडी. तिथे बाळंतिणीची बाज कुठे टाकणार? लेकीला आणता येत नाही तर आपणच जावं, सव्वा महिना राहावं, एवढीच तिची इच्छा होती. जावई शिवमूर्ती उदगीरच्या आडतीवर हमाल. दुष्काळात धान्यच नाही तर हमाली कसली, म्हणून तो निजामाबादकडे काम शोधायला गेलेला. सासू उजाडायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला निघायची. पोटुशी पोर दिवसभर घरात एकटी.

नागम्मा दोन महिने सुट्टी मागत होती आणि गुरुपादप्पा दोन महिने 'बघू' म्हणत होते. नाही असं ते कधी म्हणालेच नाहीत. नाही म्हणणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

साहेब आत आले. नाव शेषेराव, नांदेडकडचे. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. पाऊस नव्हता, पण सरकारी कचेऱ्या मात्र कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या जागोजाग उगवत होत्या. त्यातलीच एक कामगार कचेरी, एका कापड दुकानाच्या माडीवर. शेषेरावांनी धुरानं डोळे चोळत विचारलं, "बाई, चूल कधी पेटते?"

"कोंबडं आरवायच्या टायमाला."

"आणि विझते कधी?"

"गिऱ्हाईक संपलं की."

"आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळते का?"

नागम्माने गुरुपादप्पांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या तसबिरीकडे बघत उभे होते.

"घरच्या माणसाला कशाची सुट्टी, साहेब? मी घरचीच हाय. ह्यो भाऊ लागतो माझा."

शेषेरावांनी पेनाला टोपण लावलं नाही. ते जरा खाली वाकून, समजावल्यासारखे म्हणाले, "बाई, नीट विचार करून सांगा. कायदा नोकराला आहे. घरच्या माणसाला तो लागत नाही. तुम्ही घरच्या असाल, तर उद्या मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

"घरचीच हाय," नागम्मा म्हणाली आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली.

बोलताना तिची जीभ अडखळली नाही, कारण ते तिला अर्धंअधिक खरंच वाटत होतं. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला तेव्हा ती पाच-सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून खडी केंद्रावर आली होती. गुरुपादप्पांची आई पार्वतम्मा तिथे कुणाला तरी भेटायला आली, दोघींचं माहेर एकाच गावचं निघालं, आणि म्हातारी तिला हाताला धरून इथे घेऊन आली. त्या दिवसापासून ती 'अक्का' झाली आणि चुलीपुढे बसली, ती उठलीच नाही. पार्वतम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं नागम्मानेच केलं. पगार हा शब्द त्या घरात तिच्यापुढे कधी उच्चारला गेला नाही. सणाला लुगडं, अडीअडचणीला हातावर काहीबाही. दुखलंखुपलं तर गुरुपादप्पा स्वतः गोळ्या आणून द्यायचे. माणूस वाईट नव्हता हो. पण तेरा वर्षांत या बाईला एक दिवसही मोकळा दिला नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात न येण्यात त्याचा फायदा होता, हेही खरं.

साहेब गेले. चंद्रप्पाचं आणि बाकीच्या वाढप्यांचं नाव हजेरीला लागलं, त्यांना सुट्टीचा वार ठरला. नागम्माचं नाव लागलं नाही. घरच्या माणसाचं कसं लागेल?

आयतवार आला. नागम्माने शनिवारीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यात जुन्या लुगड्याची दुपटी, डिंक, बाळंतशेपा. गुरुपादप्पा आले ते घाईघाईने, कपाळाचा घाम पुसत.

"अक्का, मंगळवारी कलेक्टर कचेरीत बैठक हाय. औरंगाबादेहून मोठे साहेब येऊन राहिलेत. टंचाईवर बोलणार हायेत आन त्यांला झुणका-भाकर पायजे. सगळी आपल्यावर टाकलीय. बैठक झाली की जा."

"अप्पा, तुमी आयतवारी म्हणला व्हता."

"म्हणलो व्हतो. पर घरचं माणूस असं अडचणीत टाकून जातं का? तूच साहेबापुढं म्हणली ना, घरची हाय म्हणून?"

ते हसून म्हणाले, चेष्टेने. नागम्मालाही हसल्यासारखं करावं लागलं. स्वतःचाच शब्द असा फिरून अंगावर आल्यावर माणूस बोलणार काय? तिने गाठोडं पोत्यांवर ठेवून दिलं.

मंगळवारची बैठक झाली. दुष्काळावर बोलून बोलून साहेब लोकांना सपाटून भूक लागली होती. बुधवारी उजाडताच 'उद्या नक्की' असं ठरलं, आणि त्याच सकाळी उदगीरचा टेम्पोवाला माणिकप्पा मागच्या दाराने आत आला.

"नागम्मा, तुमच्या लेकीच्या शेजारच्या विठाबाईनं सांगावा धाडलाय. पोट दुखायला लागलंय पोरीचं. लगेच या म्हणलीय."

नागम्मा पिठाच्या हातानेच उठली. गाठोडं काखेत मारून ती पुढच्या दालनात आली. अर्ध्या तासात उदगीरची गाडी होती. गुरुपादप्पा गल्ल्यावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंडाने चुकचुकले आणि म्हणाले, "पैलटकरीण हाय गं. आत्ता कुटं सुरू झालंय, रातच्याला होईल. दुपारचं जेवण तेवढं उरकून दे, मी तुला दोनच्या गाडीत बसवतो. आत्ता मी भाकरी करायला कुणाला आणू?"

ती तशीच निघून गेली असती तर? तिला कुणी दोरीने बांधलं नव्हतं. दार उघडं होतं, स्टँड हाकेच्या अंतरावर होता. पण तेरा वर्षं तिने या माणसाचा शब्द मोडला नव्हता, आणि त्याच्या आईने दुष्काळात घास दिला होता. नागम्मा मागे फिरली. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि परातीपुढे बसली. तिच्या हातची भाकरी कधी फाटत नसे. त्या दिवशी एकेक भाकरी काठाला चिरत होती.

"अक्का, ऊठ. जा तू," चंद्रप्पा ताट भरायला आला तेव्हा दबक्या आवाजात म्हणाला. "गिऱ्हाईक उपाशी मरत न्हाई."

"झालंच. येवढी परात होऊ दे."

दोनची गाडी अडीचला सुटली आणि रस्त्यात पंक्चर झाली. उदगीरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. नागम्माला बघून त्या बाजूला झाल्या, आणि त्यातच तिला कळायचं ते कळलं. विठाबाई दारात बसली होती.

"पोरगी जित्ती हाय. भिऊ नगा, तुमची पोरगी जित्ती हाय," ती घाईने म्हणाली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरगा झाला व्हता, पर ऱ्हायला न्हाई. मी सकाळधरनं म्हणत व्हते, दवाखान्यात जाऊ. न्हाई म्हणली. आई येतीय, आई आली की जाऊ. दुपार झाली तरी वाट बघत व्हती. मंग मीच टांगा आणला, पर लई उशीर झाला व्हता. डाक्टरीनबाई म्हणल्या, दोन घंटे आदी आणायला पायजे व्हतं."

दवाखान्यातून नुकतीच आणलेली महानंदा आत बाजेवर पडली होती. नागम्माने तिच्या कपाळावरून हात फिरवला. हात अजून पिठाने खरखरीत होता.

"आई," महानंदाने डोळे न उघडता विचारलं, "सकाळी सांगावा पोचला व्हता का?"

न पोचल्याचं सांगता आलं असतं. माणिकप्पाला कुणी विचारलं नसतं. पण त्या अंथरुणाशी बसून खोटं बोलायचं बळ नागम्मात नव्हतं.

"पोचला व्हता."

महानंदाने तोंड भिंतीकडे वळवलं.

तिसऱ्या दिवशी पोरीला दूध आलं. प्यायला कुणी नव्हतं. चोळी भिजायची, छाती दगडासारखी टणक व्हायची आणि ती दात आवळून कण्हायची. नागम्माने बाळासाठी आणलेल्या दुपट्याच्या पट्ट्या फाडून तिची छाती बांधली. टँकरच्या रांगेत उभं राहून पाणी आणलं, लेकीला तेल लावलं, शेक दिला. सव्वा महिना तिने बाळंतिणीचं सगळं केलं, फक्त बाळाचं काही करायचं नव्हतं. महानंदा दिलेलं खायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. आपणहून आईशी ती बोलली नाही.

सव्वा महिन्याने नागम्मा लातूरला उतरली. गुरुपादप्पांनी तिला पाहून गल्ला सोडला, पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"लई वाईट झालं, अक्का. देवाच्या मनात नव्हतं." आणि थोडं थांबून, "पीठ दळून ठिवलंय. त्या नव्या बाईच्या भाकरीला गिऱ्हाईक नाक मुरडून राहिलंय."

नागम्माने गाठोडं कोठीत ठेवलं. परातीपुढे मात्र ती बसली नाही. पदर सारखा करून ती रस्त्यावर आली आणि विचारत विचारत कापड दुकानाच्या माडीचा जिना चढली.

शेषेरावांनी दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पांना बोलावून घेतलं. ते धोतराचा सोगा सावरत आले आणि नागम्माला बाकावर बसलेली बघून दारातच थबकले.

"या बाई म्हणतात, त्या तुमच्या नोकर आहेत. तेरा वर्षं. सुट्टी नाही, रजा नाही."

"नोकर?" गुरुपादप्पांचा आवाज चिरकला. ते साहेबांकडे नव्हे, नागम्माकडे वळले. "अक्का, माझ्या आईनं तुला पोटच्या पोरीवानी आणली. कधी तुला नोकर म्हणलो का मी? सांग की साहेबाला. कोण लागतो मी तुझा?"

तो माणूस नाटक करत नव्हता, हे नागम्माला ठाऊक होतं. म्हणूनच ते जड होतं. तिने मांडीवरचे हात एकमेकांत धरले.

"मालक," ती म्हणाली.

गुरुपादप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली, साहेबांनी दाखवलं तिथे सही केली आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेले.

शेषेराव हळूहळू, एकेक सांगू लागले. आता नाव लागेल. आठवड्याला एक दिवस सुट्टी. कामाचे तास ठरतील, त्यापलीकडे चूल पेटणार नाही. आणि वर्षाकाठी पगारी रजा, ती मालकाला नाकारता येत नाही. अडवलं तर इथे यायचं.

नागम्मा मन लावून ऐकत होती. मग तिने विचारलं, "ही रजा आता निघाली का, साहेब? जिल्हा झाल्यावर?"

"नाही, नाही. कायदा जुना आहे."

"म्हंजी माझ्या लेकीच्या टायमाला बी व्हती?"

शेषेरावांचं पेन थांबलं. त्यांना सगळं माहीत होतं. कालच तिने सांगितलं होतं.

"होती, बाई. तुम्ही खानावळीत आलात, त्याच्याही आधीपासून होती."

नागम्माने मान हलवली. जी गोष्ट आपलीच होती ती मिळावी म्हणून आपण आपला शब्द विकला, आणि विकूनही ती मिळाली नाही, एवढं तिला समजलं. रडू तिला आलं नाही. उदगीरला ते संपलं होतं. भिंतीला हात लावत ती जिना उतरली.

खाली गुरुपादप्पा सायकल रिक्षात बसून होते. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. त्यांनी रिक्षात बाजूला सरकून जागा केली, आणि नजर दुसरीकडे ठेवून म्हणाले, "बस, नागम्मा. दुपारचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

"तुमी व्हा म्होरं, मालक," ती म्हणाली. "मी चालत येते."

रिक्षा निघून गेली. नागम्मा दुकानाच्या सावलीत जरा टेकली, पदराने तोंड पुसलं, आणि मग आपल्या चालीने गोलाईकडे निघाली.