मोहेंजोदडोच्या गटारीकाठी

“प्रल्हादभैया, तो गेल्या दिवाळीच्या पार्टीवाला अंक कुठं गेला? माझा फोटो आहे न त्यात. मी तर पाहिलाच नाही अजून.”

वेटिंग रूममधला मासिकांचा ढीग उपसत डॉक्टरांच्या पत्नी विजया मॅडम बोलत होत्या. आत डॉक्टरांनी कुणाची तरी दाढ धरली होती, पण कळ उठली ती बाहेर, प्रल्हादला.

“असंल इथंच, मॅडम. पेशंट लोक घरी नेतात.”

“शोधा जरा. संध्याकाळी मंडळात आरतीला येते, तेव्हा सोबत आणा.”

“हव.”

समता कॉलोनीतल्या या दातांच्या दवाखान्यात प्रल्हाद डोक्यावर केस होते तेव्हापासून कंपाउंडर होता. दात डॉक्टर काढत. माणसं मॅडम काढत. आधीची रिसेप्शनिस्ट एका उलट उत्तरावर गेली होती.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी प्रल्हादचं एक चित्र लागे. रंग नाही, ब्रश नाही. दवाखान्यातली जुनी मासिकं, कात्री आणि गोंद. यंदा त्यानं दाराएवढ्या प्लायवर मोहेंजोदडो वसवलं होतं. घरांच्या विटा बिस्किटांच्या जाहिरातीतल्या, स्नानकुंड बाथरूमच्या टाइल्सचं, वशिंडाचा बैल सिमेंटच्या जाहिरातीतून सोडवून आणलेला. धान्याच्या कोठारापाशी त्यानं खरे तांदूळ चिकटवले होते. ते टिपायला एक चिमणी अशी झेपावली, की ओल्या गोंदात बसली ती चित्रातच राहिली, असं मंडळात सांगतात. मंडळातलं बोलणं निम्मं सोडून द्यावं. पण चिमणी चित्रात आहे.

माणसांपाशी मात्र गाडी अडली होती. गटार उपसणारी एक बाई हवी होती, आणि मासिकांतले सगळे लोक हसत होते. टूथपेस्टवाले हसत होते, विमा काढलेले हसत होते, गुडघे दुखणारेसुद्धा हसत होते. शेवटी एका पार्टीच्या फोटोत, मागच्या रांगेत, एकटीच बाई न हसता सापडली. कात्री चालायला लागली की प्रल्हादला नाव-गाव दिसत नसे. त्यानं तिचे केस कापले, कानातले झुमके कापले, डोक्यावर गोणपाट दिलं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की त्याच्या गच्चीवर काळी धूळ साचते. ती बोटानं गालांना फासली आणि बाईला गटारीकाठी वाकवून बसवलं.

दुपारी जेवायला घरी आला, तो घास हातातच.

“इंदू, मी मॅडमले गटार उपसायले लावलं.”

“काय बोलून राहिले तुम्ही? दवाखान्याची मोरी तुंबली का?”

“दवाखान्यात नाही. मोहेंजोदडोत.”

सगळं ऐकून त्याची बायको कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, “तर काढा न तिले.”

“कशी काढू? चार बोटं गोंद लावला. आता मोहेंजोदडो उकरलं तरी ती निघत नाही.”

“मग दुसरं थोबाड लावा वरून.”

“चित्र तर मंडळात लागलं न. गणपतीसमोर, एवढ्या लोकांत, कात्री घेऊन उभा राहू? आन् या वयात मले दुसरा कोण ठेवीन?”

“काहून चेहरे पाहत नाही तुम्ही माणसाचे?” इंदू म्हणाली. वरण गार झालं.

संध्याकाळी प्रल्हाद मंडळाच्या हॉलमध्ये गटारीला पाठ लावून उभा राहिला. लोक आले, वाहवा करून गेले. तो हलला नाही. मॅडम आल्या.

“अरे भैया, हटा न जरा. दिसू तर द्या.”

तो हटला. दुसरं करणार काय?

मॅडम टाइल्स पाहून हसल्या, “हे तर आमचं बाथरूम.” बैलाकडे गेल्या, चिमणीला बोट लावून पाहिलं. मग गटारीपाशी वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. पलीकडे आरती सुरू झाली. प्रल्हाद टाळ्या वाजवत होता, पण ताल कुठला नि हात कुठला.

“ही बाई कुठं मिळाली तुम्हाला?”

“मासिकात, मॅडम.”

“माझी आई अशी दिसायची,” मॅडम म्हणाल्या. “दुपारी, घरात कोणी नसलं की. कोणी आलं की लगेच हसायची. पण मी पाहायची न पडद्यामागून.”

प्रल्हादनं एक श्वास सोडला. गणपतीसमोरची समई त्यानं हलली म्हणतात. स्वतःला ओळखलं नाही, यात मॅडमचं तरी काय चुकलं? आरशासमोर माणूस तोंड आवरूनच उभं राहतं.

“तो अंक नाही सापडला, मॅडम.”

“जाऊ द्या हो.” त्यांनी पर्समधून फोन काढून त्याच्या हाती दिला. “हिच्यासोबत माझा एक काढा.”

त्या भिंतीशी सरकल्या, गटारवालीच्या गालाजवळ गाल नेला. चौकटीत दोन्ही चेहरे आले, तेच नाक, तेच कपाळ, आणि प्रल्हादनं बोट मागं घेतलं.

“काढता न?”

“हव, मॅडम. रेडी?”

मॅडम सवयीनं हसल्या. त्या हसण्यानं दोघींतलं सारखेपण पार पुसून टाकलं. प्रल्हादनं फोटो काढला.