दुसऱ्याच्या फुंकरीचा गुण

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शहरभर तापाची साथ. 'गर्दी करू नका' असं ओरडून दवाखान्याने घसा कोरडा केलेला. म्हणूनच की काय, माणसं एकमेकांना खेटून, नळीत फुंकर मारायला रांगेत उभी होती. शहाणपणाची कमाल!

समोर श्वासगुरू. पूर्वी लिफ्ट विकायचे, त्यामुळे माणसांना वर पाठवायचा अनुभव दांडगा.

"फुंका! रोग पाण्यात उतरेल, पाणी पांढरं होईल. थांबू नका, फुंकत राहा! पाणी नितळ झालं की रोग जळाला!"

आणि खरंच तसं व्हायचं. आधी नितळ, मग पांढरं, मग पुन्हा नितळ. बायका हात जोडायच्या, पुरुष मोबाइल उंचावायचे.

मागे भिंतीशी आत्या उभी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेची भांडी धुणारी बाई. सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपने तिचा जीव नकोसा केला होता. सकाळी 'गरम पाणी प्या', दुपारी 'गरम पाणी म्हणजे विष', आणि दोन्हींच्या खाली 'शंभर टक्के खात्रीशीर'. दिवसाला तीनशे संदेश. त्यात तिने दवाखान्याचा नंबर आणि 'धाप लागली तर लगेच जा' हे दोनदा टाकलं होतं. पहिल्यांदा त्याखाली कुणीतरी फुलांचं चित्र टाकलं, दुसऱ्यांदा तेही नाही.

तिचा भाऊ चार दिवस तापाने फणफणला होता. आज तर दोन शब्द बोलतानाही त्याला धाप लागत होती.

"अरे, बाबांना दवाखान्यात ने," तिने शेजारी उभ्या भाच्याला पुन्हा सांगितलं.

"बाबा बरे झालेत, आत्या! काल त्यांचा ग्लास नितळ झाला. गुरू म्हणाले, आता दवाखान्यात गेलात तर रोग परत चिकटेल."

"त्याला धड श्वास घेता येत नाही. फुंकलं कुणी?"

"मी! रक्ताचं नातं असलं की चालतं," व्यायामशाळेत लोकांचा घाम काढणारा भाचा छाती फुगवून म्हणाला.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मग ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. गुरू ज्या बरणीतून ग्लास भरत होते, तिला आतून पांढरी पुटं चढली होती. असली पुटं घासण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती! ती तडक खालच्या दुकानातून सोड्याची बाटली घेऊन आली.

"गुरुजी, या बाटलीला ताप आलाय."

कुणी अडवायच्या आत तिने गुरूंच्या ग्लासात थोडा सोडा ओतला. पाणी पांढरं झालं. तिने आणखी ओतला. पाणी नितळ!

"घ्या, बाटली खडखडीत बरी झाली!"

"या बाईंचा श्वास अशुद्ध आहे!" गुरू किंचाळले.

"मेल्या, मी फुंकलंय कुठे? ओतलंय!" आत्या लोकांकडे वळली. "ही चुन्याची निवळी. शाळेत सगळ्यांनी पाहिलीय, परीक्षा संपली की विसरलात. कार्बन डायऑक्साइडने पांढरी होते, तोच जास्त गेला की नितळ. तो सोड्यात असतो, तुमच्या श्वासातही असतो. धडधाकट माणसाने फुंकलं तरी हेच होणार."

"पण मला तर बरं वाटलं," एक बाई पुटपुटली.

"बहुतेकांचा ताप आठवड्यात आपणहून उतरतो, बाई. ज्यांचा उतरत नाही, ते इथे सांगायला येत नाहीत."

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो बाबांना आणायला घराकडे धावत सुटला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी भावाच्या बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. "काल आणलं असतं तर वाचतील, हे खात्रीने सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आज फक्त प्रयत्न करते."

भाचा बाकावर रडत होता. "मी त्यांच्यासाठी जीव तोडून फुंकलं गं, आत्या."

"माहीत आहे रे. तुझी माया खरी होती, पण मायेने रोगाची तपासणी होत नाही. यापुढे काहीही खरं मानण्याआधी दोनच गोष्टी विचार. हे सांगतंय कोण? आणि त्याने तपासलं कसं? उत्तर मिळालं नाही, तर पुढे पाठवू नकोस."

काचेपलीकडे भाऊ एकेक श्वास ओढत होता. त्यातला एकही श्वास त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला घेता येत नव्हता.