रुपयाएवढं कोरडं

"तुम्ही मला नापास करायचं आधी ठरवलं, परीक्षा नंतर घेतली."

प्रतिक्षा बोलत होती आणि फोन तक्रार लिहून घेत होता. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. विद्यापीठाच्या ऑनलाइन बियाणे अभ्यासक्रमात लेखीला तिला अठ्ठ्याहत्तर गुण होते, प्रात्यक्षिकाला शून्य. कॅमेऱ्यासमोर मिठाचं पाणी करून त्यात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवरचा, मीठ किती ते सांगणारा आकडा वाचायचा होता. तो वाचला नाही, संपलं, प्रमाणपत्र अडकलं. बोटांना कळेल असं साधन मागितलं तर उत्तर आलं, 'मार्गदर्शक व्हिडिओ पुन्हा पाहावा.'

"पाहावा म्हणे!" बायजाबाई बादलीत मीठ ढवळत म्हणाली. "तुले दिसत नाही, हे सांगतलं नव्हतं काय त्यायले?"

"तीनदा सांगतलं, माय."

"मंग लिव, मेल्यांनो म्हणून."

"लिवतो. पण वाचते कोण?"

शेजारचा डोमा धानाचं पोतं घेऊन अंगणात बसला होता. दिघोरी गावात पऱ्हे, म्हणजे लावणीची धानाची रोपं, टाकायचे दिवस. मिठाच्या पाण्यात पोचट धान तरंगतं, भरलेलं बुडतं. मीठ कमी पडलं तर पोचटही बुडतं आणि बियाण्यात जातं.

"आटप वो बाई," डोमा म्हणाला. "मांगच्या साली मीच मीठ टाकलं. अर्धे पऱ्हे उगोलेच नाही."

प्रतिक्षानं बादलीत कोंबडीचं अंडं सोडलं. ते तळाशी गेलं.

"माय, दोन मुठी अजून."

अंडं वर आलं. तिनं त्याच्या टोकावर बोट फिरवलं. पाण्याबाहेरचा कोरडा गोल रुपयाएवढा भरला.

"पुरलं. ओता, काका."

डोमानं पोत्यातलं धान बादलीत ओतायला घेतलं.

तिनं हात पुसला. तक्रारीतलं 'कृपया आणखी एक संधी द्यावी' हे वाक्य पुसलं. मग दुसरी बादली मागवली, एका हातात फोन धरून स्वतःचा व्हिडिओ घ्यायला लागली आणि दुसऱ्या हातानं पुन्हा सगळं केलं : मीठ, अंडं, धान.

"अवो, आंगठा हाय तुहा कॅमेऱ्यावर," बायजाबाई ओरडली. "कायीच नाही दिसून राहिलं!"

"मालूम हाय मले."

तो काळा व्हिडिओ तिनं तक्रारीला जोडला. खाली फोनकडून लिहून घेतलं :

'प्रयोग पूर्ण जोडला आहे. दिसलं नाही, ही सबब चालणार नाही. आठ दिवसांत लेखी कळवा, या पाण्यात मीठ पुरलं होतं की नाही?'