खुंटीवरचा डफ

"ओढणी नीट घे तैयबा. अब्बा दारात आले की लगेच सुरू कर. मी डफ वाजवते, तू गा. घाबरायचं न्हाय."

"दाढी असली तरी?"

"दाढी असली तरी."

जहुराने डफ चुलीच्या धगीवर फिरवला आणि बोटाने टिचकी मारून पाहिली. कातडं ताणलं होतं. खाडीकाठच्या हवेत डफ बघता बघता सादळतो, मग तो वाजवला काय आणि घोंगडी झटकली काय, सारखंच. म्हणून नवरा बोटीवर गेल्यापासून दर जुम्म्याला ती तो न चुकता शेकत आली होती. शेजारणी हसायच्या. नवरा दर्यावर आणि ही बसलीय त्याचा डफ भाजत! जहुरा त्यांना हसू देत असे. हसणाऱ्यांचे दात दिसतात, दुसरं काय होतं?

मोहल्ल्यातले निम्मे पुरुष बोटीवर असत. तीन-चार वर्षांनी एखादा घरी येई आणि दारातला पहिला तमाशा ठरलेला असे. परका दाढीवाला बघून पोर भोकाड पसरी, आईच्या मागे दडे आणि बाप हातातलं खेळणं घेऊन खुळ्यासारखा उभा राही. बघणारे पोट धरून हसत. बाप तेवढा हसत नसे.

जहुराचा नवरा रशीदही लहानपणी असाच बापाला बघून बाजेखाली शिरला होता. मिठाई दाखवली तरी बाहेर आला नाही. हळूहळू तो बापाजवळ सरकायला लागला, तोवर बापाची पुन्हा बोटीवर जायची वेळ आली, आणि त्या खेपेला गेलेला बाप परत आलाच नाही. हे त्याने जहुराला एकदाच सांगितलं, स्वतः निघायच्या आदल्या दिवशी. तेव्हा तिला सातवा महिना होता.

"पोरगा होवो न्हायतर पोरगी, माझं गाणं लेकराच्या कानावर पडू दे," तो म्हणाला होता. "माझं तोंड न्हाय ओळखलं तरी गाणं ओळखंल."

रशीदचं गाणं म्हणजे त्याने स्वतः रचलेलं नव्हे. लग्नात नवशाला, म्हणजे नवरदेवाला, उतरवून घेताना मोहल्ल्यातले डफवाले म्हणत, तेच. पण ते रशीदने उचलावं आणि बाकीच्यांनी मागे यावं, असा रिवाजच पडून गेला होता.

तारवातून आला नवशा, दिवा लावा दारी,
लाटेवरचा पाव्हना आज उतरला घरी.

जहुराचा गळा काही गोड नव्हता. तरी तिने हे गाणं तैयबाला अंगावर पाजताना म्हटलं, पाळण्याला झोका देताना म्हटलं, गोवर आला तेव्हा कडुलिंबाचा पाला फिरवत म्हटलं. पोरीला शब्द फुटायच्या आधी चाल फुटली. ती 'अब्बा' म्हणायला शिकली ती खुंटीवरच्या डफाकडे बोट दाखवून. आता चार वर्षांची तैयबा सगळं गाणं म्हणायची, जरा घोगऱ्या आवाजात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मान उडवायची. ती मान उडवणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते थेट रशीदचं होतं.

बाहेर पेटी टेकवल्याचा आवाज आला. हमाल निघून गेला आणि रशीद दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, दाढी छातीपर्यंत आलेली, डोळ्यांभोवती कोळशाची न निघणारी काजळी. आगबोटीच्या बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्या आगवाल्याची ती खूणच असते.

जहुराने डफावर थाप दिली. तैयबा एक पाऊल मागे सरली, आईकडे बघितलं, आणि मग डोळे मिटून तिने गायला सुरुवात केली. एकही शब्द न चुकता शेवटपर्यंत गायली. मानसुद्धा उडवली.

रशीद उंबऱ्यावर तसाच उभा होता. तो पोरीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. हसला नाही, शाबास म्हटलं नाही. गाणं संपलं तशी त्याने टोपी सारखी केली आणि परसातल्या विहिरीवर निघून गेला. बराच वेळ तो तोंडावर पाणी मारत होता.

तैयबा रडली नाही की लपली नाही. "अम्मा, अब्बाला ऐकवलं ना मी?" एवढंच तिने विचारलं.

संध्याकाळी शेजारची महेरुन्निसाखाला येऊन बसली. तिला सगळ्या गोष्टींचा उलगडा आधीच झालेला असे.

"जेद्दाला हाजी नेणाऱ्या बोटीवर व्हता न्हवं? मग गाण्याची तोबा केली असंल पोरी. दाढी बघितलीस? माझा भाव असाच आला आणि पयल्याच दिवशी डफ पायाखाली घालून मोडलान. तुझ्यावाला गप तरी बसला. नशीब समज."

जहुराला ते पटलं. न पटून करते काय? रशीद घरात होता आणि नव्हताही. आगवाले ओरडूनच बोलतात, इंजिनखान्याची सवय, हे मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण हा दोन शब्द ओरडायचा आणि पुन्हा मुका. "आमटी वाढू?" म्हटलं तरी व्हय, "बस झालं?" म्हटलं तरी व्हय. ताटात आमटीचं तळं साचलं तरी निमूटपणे खायचा.

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. अजान व्हायची आणि हा अंगणात झावळ्या विणत बसून राहायचा. वजू करून मशिदीकडे निघालेली माणसं समोरून जाताना दिसली की मग धडपडून उठायचा. दीनासाठी, धर्मासाठी गाणं सोडलेला माणूस अजानला हलत नाही, हे कसलं? पण खालाचा शब्द डोक्यात पक्का बसला होता. तो तिथून हलला नाही.

तैयबा गायला लागली की तो तिच्या तोंडाकडे रोखून बघायचा आणि जहुराला तो राग वाटायचा. शेवटी तिने पोरीला सांगितलं, "आता न्हाय गायचं. अब्बांना आवडत न्हाय."

"मी चुकले का?"

"न्हाय गं. बरोबर गायलीस तू."

"मग?"

जहुरा उठली. तिने डफ जुन्या लुंगीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तैयबा पायरीवर जाऊन बसली. गाणं तोंडात यायला लागलं की ती स्वतःच तोंडावर हात दाबून धरी. ते बघून जहुराला भडभडून येई. एवढ्या वर्षांच्या मेहनतीची आपण आपल्या हातांनी माती केली, असं तिला वाटे.

दोन दिवसांनी दुपारी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. रशीद आत आला आणि रिकाम्या खुंटीपुढे थांबला.

"डफ कुठं गेला?"

"तुमाला आवडत न्हाय म्हणून ठेवला वर," ती पाठमोरीच म्हणाली.

"डफ कुठं गेला, जहुरा?"

"सांगितलं की! माळ्यावर!"

"अगं, तुला इचारतोय मी. डफ..."

जहुराचा हात भाकरीवरच थांबला. ती वळली नाही. तोंड चुलीकडेच ठेवून तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "तुमी पुन्हा कधी जाणार बोटीवर?"

मागे काहीच उत्तर नाही. मग त्याचा हात तिच्या खांद्यावर आला आणि त्याने तिला आपल्याकडे वळवलं. 

"तोंड माझ्याकडं करून बोल," तो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. आवाज अगदीच खाली गेला. आपला आवाज केवढा निघतोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

जहुराला सगळं एका क्षणात कळलं. अजान, आमटी, विहिरीवरचं पाणी. तिने स्वतःच्या कानाला हात लावून त्याच्याकडे पाहिलं.

"आधी नुसत्या शिट्ट्या वाजायच्या कानात," तो सांगू लागला. "मंग बॉयलरची धडधड कमी कमी वाटायला लागली. मला वाटलं, इंजिनच सुधारलं. एक दिवशी आगवाल्यांचा मुकादम, सारंग, मागनं बोंबलत व्हता आणि मला पत्ताच न्हाय. डाक्टरनं कान बघितलं आणि कायमचा उतरवला मला." त्याने दाराकडे पाहिलं. "मोहल्ल्यात सांगू नको. डफवाला बहिरा झाला म्हणतील."

"मला तरी सांगायचं!"

त्याने तिच्या ओठांवरून ते ओळखलं. "तू चार वर्षं गाणं शिकवलंस आणि मी दारात येऊन सांगू, की मला ऐकू येत न्हाय? पोरगी गायची तवा मी तिच्या ओठांकडं बघायचो. कुठली ओळ चाललीय ते समजायचं. माझ्या वाटेला गाणं तेवढंच उरलं व्हतं, जहुरा. तेबी बंद केलंस?"

जहुरा पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडली. आपलं चुकलं, पोरीचंही तोंड बांधलं आणि नवऱ्याचंही ताट ओढलं, हे ती त्याला सांगत होती; पण तोंड झाकलेलं असल्याने त्याला काहीच कळलं नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्याने विचारलं, "आवाज कसा हाय तिचा?"

काय सांगणार? गोड म्हणावं, तर तो गोड नव्हता. जहुराने डोळे पुसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं, "घोगरा हाय. तुमच्यासारखा."

रशीद पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याची दाढी भिजली.

त्याने स्वतः डफ माळ्यावरून काढला आणि चुलीवर शेकला. टिचकीचा आवाज त्याला ऐकू येणार नव्हताच. बोटाखालचं कातडं किती ताणलं ते हाताला ठाऊक होतं. त्याने डफ छातीशी धरला आणि तैयबाला समोर बसवलं. पोरीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. तैयबा डफाला तोंड लावून गायली, आणि कातडं थरथरलं तसं रशीदने डोळे मिटले.

त्यानंतर रोज ते दोघं ओटीवर समोरासमोर बसू लागले. मोठ्या माणसांना गोष्टी सांगाव्या लागतात, लेकरं आपली आपण शिकतात. थोड्याच दिवसांत तैयबाच्या ध्यानात आलं, की अब्बासाठी ओठ हलवले तरी पुरतं.

एका सकाळी जहुरा चुलीपाशी काम करता करता थांबली. ओटीवर काहीच ऐकू येत नव्हतं. पोरगी कुठे गेली म्हणून तिने डोकावून पाहिलं. तैयबा तिथेच होती. बापाच्या तळहातावर बोटांनी ठेका धरून ती सगळं गाणं म्हणत होती, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिचे ओठ हलत होते, त्याचे ओठ हलत होते. ओळ संपली की दोघं एकदम मान उडवत होते. आवाज कसलाच नव्हता.

 मग आत येऊन तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.